कवटीच्या आतली साक्ष

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सरकारचा शब्द कागदावर उतरतो. टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट सगळं तिथलं, आणि हे काम जवळपास शंभर वर्षं चालू आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने याच छापखान्यातून बाद झालेली यंत्रं मिळवून खोटे मुद्रांक छापले, ही गोष्ट महाराष्ट्राला आता पाठ आहे. तिच्यावर मालिकाही निघाली. तिची एक बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. खोटा कागद ओळखायची रीत ठरलेली असते. तो उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहायचं, भिंगाखाली छपाईच्या रेषा तपासायच्या. तपास करणाऱ्यांपुढचा पेच होता माणसाचा. पकडलेला माणूस खरं बोलतोय की नाही, हे त्याला कुठल्या उजेडासमोर धरून पाहायचं?

डिसेंबर २००३ मध्ये बंगळूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेने तेलगीची नार्को चाचणी केली. शिरेतून सोडियम पेंटोथाल द्यायचं, माणूस पुरता झोपू द्यायचा नाही आणि पुरता जागाही ठेवायचा नाही, आणि त्या अर्धवट अवस्थेत प्रश्न विचारायचे, अशी ही पद्धत. पुढे त्या चाचणीची चित्रफीत वृत्तवाहिन्यांवर झळकली. जड जिभेने बरळणारा एक माणूस लोकांनी चहा पिता पिता पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती त्याने घेतलेल्या नावांची. एखाद्याची शुद्ध काढून घेऊन त्याच्या तोंडून आलेले शब्द साऱ्या देशाला ऐकवावेत की नाही, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही.

त्याच घोटाळ्यातल्या काही आरोपींपुढे आणखी एक चाचणी उभी राहिली. हिच्यात औषध नव्हतं, सुई नव्हती आणि बोलायचंही नव्हतं. डोक्याला तारा लावून नुसतं बसायचं. लोक तिला ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणू लागले. आरोपी मुंबई उच्च न्यायालयात गेले. आपल्याविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं, त्याचा त्यांनी आधार घेतला. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला. मेंदूतून मिळते ती माहिती. आरोपी काही बोलतच नाही, तर त्याने ‘विधान’ केलं असं कसं म्हणायचं, असा त्या निकालाचा रोख होता.

तर्क वरवर बिनतोड दिसतो. तो कुठे अडखळतो हे पाहायचं तर आधी त्या तारांमधून काय येतं ते समजून घ्यायला हवं. आणि ती गोष्ट खरोखर थक्क करणारी आहे.

१८९०च्या दशकात हान्स बर्गर नावाचा जर्मन तरुण लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली. तू सुखरूप आहेस ना? दूर गावी असलेल्या त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भावावर संकट आलंय, आणि तिने वडिलांच्या मागे लागून तार करायला लावली होती. योगायोग म्हणून दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. बर्गर मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि आयुष्यभर एकाच मागावर राहिला: मनातून निघून दुसऱ्या मनापर्यंत जाणारी ती शक्ती मोजता येईल का? १९२४ मध्ये येना शहरात त्याने माणसाच्या मेंदूतून येणारे विद्युत तरंग पहिल्यांदा टिपले. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. खातरजमा करण्यात पाच वर्षं गेली आणि १९२९ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. दूरसंवेदनाची शक्ती त्याला कधीच सापडली नाही. सापडला तो ईईजी, जो आज फिट येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला कधी ना कधी काढावा लागतो.

कवटीवर मिळणारा हा विद्युतदाब काही मायक्रोव्होल्टांचा, फार तर शंभरेक मायक्रोव्होल्टांचा. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा तीस हजारावा भाग म्हणजे पन्नास मायक्रोव्होल्ट. पापणी लवली, दात आवळले, कपाळाला आठी पडली, तर त्या स्नायूंचा आवाज मेंदूच्या आवाजापेक्षा मोठा होतो. आत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. बाहेर चिकटवलेल्या एका बिंदूपर्यंत पोहोचतो तो त्यांतल्या लाखो पेशींनी एकाच वेळी केलेला, हाड आणि कातडीतून गाळून आलेला गलका. त्यात अर्थपूर्ण काही सापडावं हेच नवल.

पण सापडतं. सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडाजवळ उभं राहिल्यावर ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्यांची नावं पुकारली जात असतात. अमक्या गावचे तमके, जिथे असाल तिथून चौकीवर या. शेकडो नावं कानांवरून वाहून जातात. मध्येच आपल्या गावाचं नाव येतं आणि मान वळते. ऐकायचं असं आपण ठरवलेलंही नसतं. मान वळायच्या आधी, ते नाव कानी पडल्यापासून साधारण ३०० मिलिसेकंदांनी, मेंदूच्या तरंगात एक उंचवटा उठतो. रटाळ ओळीतून काहीतरी वेगळं, कामाचं, ओळखीचं आलं, अशी ती नोंद. सॅम्युअल सटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली. तिला पी-३०० म्हणतात. एकदा पाहून ती दिसत नाही; तोच प्रसंग अनेकदा घडवून सगळ्या नोंदींची सरासरी काढली की गलका एकमेकांत जिरतो आणि उंचवटा शिल्लक राहतो.

आता या उंचवट्याचं काय झालं पाहा. लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये त्याच्यावर चालणारा एक ‘टंकलेखक’ बनवला. पडद्यावर अक्षरांचा चौकोन, त्याच्या ओळी आणि स्तंभ आळीपाळीने उजळतात. मनात धरलेलं अक्षर उजळलं की पी-३०० उठतो, संगणक ते अक्षर उमटवतो. हातपाय, जीभ, काहीच हलत नसलेल्या माणसाला बोलतं करायची ही युक्ती. आणि त्याच दोघांनी त्याच सुमारास त्याच उंचवट्याचा दुसरा उपयोग शोधला. गुन्ह्याचे तपशील संशयितासमोर इतर तपशिलांत मिसळून दाखवायचे. ओळखीच्या तपशिलावर उंचवटा उठला तर ते त्याला ठाऊक आहे असं धरायचं. फारवेलने पुढे त्याला ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ हे नाव देऊन त्याचा धंदा उभा केला.

एकच तरंग. ज्याला बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, त्याला तो वाचा देतो. ज्याला बोलता येतं पण बोलायचं नाही, त्याचं मौन तो फोडतो. यंत्र दोन्हीकडे सारखंच, इलेक्ट्रोड सारखेच, गणितही जवळपास तेच. या दोन खुर्च्यांमधला फरक ईईजीच्या कागदावर कुठेच दिसत नाही, आणि ज्या कामाबद्दल मी पुढे सांगणार आहे ते सगळं या न दिसणाऱ्या फरकाचं काम आहे.

भारतात ही कल्पना आणखी एक पाऊल पुढे गेली. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आयुष्य घालवलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन यांनी बीईओएस नावाची पद्धत विकसित केली. पी-३०० फार तर एवढंच सांगतो की एखादी गोष्ट ओळखीची आहे. मुकुंदन यांचा दावा त्याहून मोठा होता: माणसाला ती गोष्ट नुसती माहीत आहे की त्याने ती स्वतः अनुभवली आहे, हे मेंदूच्या तरंगांवरून वेगळं काढता येतं. संशयिताने डोळे मिटून बसायचं. डोक्यावर तीसेक इलेक्ट्रोडची टोपी. कुणीतरी एकेक वाक्य वाचणार, तेही प्रथमपुरुषी. त्याने एकही शब्द बोलायचा नाही. त्या वाक्याने आत खऱ्या अनुभवाची आठवण जागी झाली तर संगणकाला ती कळणार. गांधीनगर आणि मुंबईच्या प्रयोगशाळांनी ही यंत्रणा घेतली.

मग आला पुण्याचा खटला. एमबीए शिकणाऱ्या एका तरुणीवर आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला आर्सेनिक घातलेला प्रसाद दिल्याचा आरोप होता. मुंबईत तिची बीईओएस चाचणी झाली. आर्सेनिक विकत घेतल्याचं, त्याला भेटल्याचं अशी वाक्यं तिच्या कानावर घातली गेली, मध्येमध्ये आकाश निळं असल्यासारखी निरुपद्रवी वाक्यं. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप सुनावली. खटल्यात इतर पुरावेही होते, पण निकालपत्रात न्यायाधीशांनी मेंदूच्या या चाचणीवर कित्येक पानं खर्च केली आणि तिच्या अहवालावर विश्वास ठेवला. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांच्या आणि कायद्याच्या अभ्यासकांच्या भुवया उंचावल्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली आणि शिवाजीनगरचं न्यायालय मेंदू आणि कायदा यांवरच्या लिखाणात कायमचं जाऊन बसलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला.

गैर काय होतं? पहिली गोष्ट सोपी होती. पद्धतीची तपासणी तिच्याशी संबंध नसलेल्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा केलेली नव्हती, आणि ती न होताच ती न्यायालयात पोहोचली. त्याच २००८ मध्ये निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या तज्ज्ञ समितीने या चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगून त्यांचा वापर थांबवावा असं म्हटलं. ज्या संस्थेत ही कल्पना वाढली त्याच संस्थेतून हा अभिप्राय यावा, यात विज्ञानाची तब्येत ठीक असल्याचं लक्षण मला दिसतं.

दुसरी गोष्ट खोल आहे. आठवण म्हणजे काय याबद्दलची आपली समजूत प्रेसच्या गोदामासारखी असते: छापलेला कागद कपाटात ठेवला, हवा तेव्हा काढून पाहिला. मेंदू तसा वागत नाही. २००० साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवून दिलं की जुनी आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा ओली होते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते. त्या वेळेत तिच्यात ढवळाढवळ करता येते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी त्याआधीच दाखवलं होतं की लहानपणी बाजारात हरवल्याची न घडलेली आठवण काही मोठ्या माणसांच्या मनात नुसत्या सूचनेने रुजवता येते, आणि मग ते तिच्यात स्वतःहून तपशील भरतात. डॅनियल शॅक्टर आणि डोना रोझ अॅडिस यांच्या कामातून पुढे आलं की झालेली गोष्ट आठवताना आणि न झालेली कल्पताना मेंदूचे बरेचसे तेच भाग काम करतात.

आता कोठडीतल्या माणसाचा विचार करा. एकच कहाणी दिवसचे दिवस त्याला विचारली गेली आहे. तू तिथे गेलास, तू ते विकत घेतलंस, तू त्याला दिलंस. निर्दोष माणूससुद्धा ती कहाणी मनात कितीदा रंगवून पाहत असेल, भीतीने, रात्री जागून. त्यानंतर त्याला टोपी घालून तीच वाक्यं ऐकवली, तर उठणारा तरंग अनुभवाचा की कोठडीत घडवल्या गेलेल्या चित्राचा? आणि उलट्या बाजूने, खऱ्या गुन्हेगाराला यंत्र चुकवता येतं का? पी-३०० पुरतं उत्तर मिळालेलं आहे. पीटर रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की बिनमहत्त्वाच्या वस्तू दिसल्या की बुटात पायाचा अंगठा हळूच हलवायचा, कुणाला न दिसता बोट दाबायचं, एवढ्यानेही चाचणीचा बोजवारा उडतो. शंभर वर्षांच्या मेंदूविज्ञानाला पायाचा अंगठा पुरतो, हे वाचून मी मनापासून हसलो होतो.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांचं खंडपीठ. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या तरंगांची चाचणी यांपैकी काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ज्या मुद्द्यावर चाचण्या मान्य केल्या होत्या, नेमका तोच मुद्दा इथे फिरला. तोंड बंद असलं तरी त्या माणसाजवळची खासगी माहितीच बाहेर काढली जात असते, म्हणून तीही साक्षच. रक्ताचा थेंब, बोटांचे ठसे हे शरीराचे पुरावे. मनातली माहिती त्या रांगेत बसत नाही. घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात मनाचा खासगीपणाही येतो असं न्यायालयाने त्या निकालात म्हटलं. सात वर्षांनी, २०१७ मध्ये, नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं तेव्हा सेल्वीचा आधार घेतला गेला.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो तो एका कारणासाठी. आज जगभर ‘न्यूरोराइट्स’ची चर्चा आहे. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूच्या क्रियेला आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलं, आणि त्याचं जगाने कौतुक केलं. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२४ मध्ये मेंदूच्या विदेला खासगीपणाच्या कायद्यात आणलं. युनेस्कोची न्यूरोतंत्रज्ञानाच्या नीतिमत्तेवरची शिफारस नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाली. आणि आपल्याकडे मेंदूच्या खासगीपणावर सर्वोच्च न्यायालयाचा तपशीलवार निकाल २०१० मध्येच आला. कारण आपण फार दूरदर्शी होतो असं नाही. कारण आपल्या पोलिसांनी ती टोपी इतरांच्या आधी लोकांच्या डोक्यावर घातली होती.

संमतीची पळवाट राहिलीच. माणूस हो म्हणाला तर चाचणी होऊ शकते. ती संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते, वकील भेटू द्यावा लागतो. चाचणीचा निकाल पुरावा धरला जात नाही, पण तिच्या मदतीने एखादी वस्तू सापडली तर ती ग्राह्य धरता येते. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हे सगळं परत सांगावं लागलं, कारण सगळ्या आरोपींची नार्को करू असं तपास अधिकाऱ्याने सांगितलं आणि पाटणा उच्च न्यायालयाने ते मान्य केलं होतं. कोठडीत असलेल्याची संमती किती खरी, हे ठरवायचं कुणी? नाशिकच्या त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, राज्यातले फौजदार तिथे घडतात. हा प्रश्न सर्वांत आधी त्यांच्यापुढे येणार आहे, न्यायाधीशांपुढे बऱ्याच उशिरा.

या साऱ्या प्रश्नांना घेऊन बसणाऱ्या विद्याशाखेला न्यूरोएथिक्स म्हणतात. मे २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद भरली, तिथून हे नाव रुळलं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. नाव नवं असलं तरी काम मुंबईत आधीपासून चालू होतं. केईएम रुग्णालयातले मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये वैद्यकीय नीतिमत्तेला वाहिलेलं एक नियतकालिक सुरू केलं. तेच आजचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स. सकाळी माणसाची कवटी उघडणारा सर्जन संध्याकाळी बसून डॉक्टरांच्या वागण्यावर संपादकीय लिहितो, हे चित्र मला या व्यवसायाचं सर्वांत नेमकं चित्र वाटतं. ज्याने मेंदू हाताळला आहे त्यालाच त्याच्याबद्दल किती थोडं कळतं ते ठाऊक असतं.

आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या मुलांना सांगायचं तर न्यूरोएथिक्सची पाटी असलेला विभाग शोधत बसू नका. लोक इथे वेगवेगळ्या दारांनी येतात. कुणी डॉक्टर असतो, कुणी वकील, कुणी मानसशास्त्राचा, कुणी तत्त्वज्ञानाचा, कुणी ईईजीचे तरंग सोडवणारा अभियंता. एका दाराने आलेल्याला दुसऱ्या दोन खोल्यांतली भाषा शिकावी लागते, एवढीच अट, आणि ती कठीण आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीच्या एचपीटी-आरवायके महाविद्यालयात कला आणि विज्ञान एकाच आवारात नांदतात. तर्कशास्त्राच्या तासाला बसलेला विद्यार्थी उठून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला तर निम्मी तयारी तिथेच होईल. राज्यातली वैद्यकीय, आयुर्वेद, परिचर्या महाविद्यालयं ज्याच्याशी संलग्न आहेत ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकचंच, १९९८चं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग सक्तीचा झाला आहे. तो किती मनापासून शिकवला जातो, हे विद्यार्थ्यांनाच विचारावं.

नोकरीचं खरं ठिकाण मात्र एक लांबट टेबल असतं. माणसांवर होणाऱ्या प्रत्येक संशोधनाला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार या समितीत किमान सात जण हवेत; अध्यक्ष संस्थेबाहेरचा; डॉक्टरांखेरीज एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, किमान एक स्त्री, आणि समाजशास्त्रज्ञ, सेवाभावी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ वा धर्मशास्त्राचा जाणकार यांपैकी एक. सरकारी राजपत्रात तत्त्वज्ञाला रीतसर खुर्ची ठेवलेली पाहून मला फार बरं वाटलं. त्या खुर्चीवरून विचारायचे प्रश्न साधे असतात. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत आहे का? निरोगी स्वयंसेवकाचा एमआरआय काढताना न शोधलेली गाठ दिसली, तर त्याला सांगणार का, आणि कोण? स्मृतिभ्रंश वाढत जाणाऱ्या माणसाने पहिल्या वर्षी दिलेली संमती तिसऱ्या वर्षी धरायची का?

आणि काही प्रश्न साधे नसतात. २००६ मध्ये अॅड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात झोपवून सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घराच्या खोल्यांतून फिरतोय अशी कल्पना कर. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले जे तुमचेआमचे उजळले असते. बोट हलत नव्हतं, पापणी सांगितल्यावर मिटत नव्हती, पण आत कुणीतरी ऐकत होतं आणि सांगितलेलं करत होतं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अनेक देशांतल्या रुग्णांचा अभ्यास आला. बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्या. चौघांत एक.

हा आकडा वाचल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला केईएमचा वॉर्ड आठवल्याशिवाय राहत नाही. हल्ल्यात मेंदूला इजा झालेल्या परिचारिका अरुणा शानभाग तिथे १९७३ पासून २०१५ पर्यंत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना खाटेशी बसून तपासलं. परिचारिकांचं म्हणणं होतं, त्यांना कळतं. आवडीचं खाणं दिलं की चेहऱ्यावर दिसतं. न्यायालयाने अखेर त्या परिचारिकांचा शब्द मोलाचा मानला. यंत्राने तो खरा ठरवला असता की खोटा, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. मला कुतूहल आहे ते उलट्या प्रश्नाचं. पुढच्या काळात एखाद्या वॉर्डात यंत्र म्हणालं ‘आत कुणी नाही’ आणि वर्षानुवर्षं अंग पुसणारी सिस्टर म्हणाली ‘आहे’, तर त्या लांबट टेबलावर कुणाचं म्हणणं आधी ऐकायचं?

दरम्यान टोपी प्रयोगशाळेबाहेर पडली आहे. ध्यान शिकवणारे, झोप मोजणारे ईईजी पट्टे कुणालाही घरबसल्या मागवता येतात. चीनच्या जिनहुआमध्ये २०१९ साली प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या कपाळाला असे पट्टे बांधले होते. लक्ष आहे की नाही हे रंगीत दिव्यावर दिसायचं. आरडाओरड झाल्यावर ते थांबवलं. आपल्याकडच्या एखाद्या क्लासवाल्याला ही कल्पना सुचायला किती वेळ लागेल? चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये इमोटिव्ह या कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूची साठवलेली विदा पुसून टाकायला लावली. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मेंदूच्या विदेचा वेगळा उल्लेख नाही; तुमचा फोन नंबर आणि तुमचा पी-३०० तिथे एकाच मापाने मोजले जातात. सेल्वीने पोलिसांना अडवलं. पट्टा विकणाऱ्याला अडवायला त्याहून वेगळं काहीतरी लागेल, कारण तिथे संमती आपण स्वतःच, न वाचता, अंगठ्याने देतो.

मेंदूत कायमची बसणारी यंत्रं तर आणखी पुढची. कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईत कित्येक वर्षं होत आहेत आणि त्यांमुळे अनेकांना चमचा पुन्हा हातात धरता आला आहे. त्याचबरोबर ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट प्रत्येक नीतिमत्ता समितीने वाचावी अशी आहे. आयुष्यभर फिट येणाऱ्या एका बाईच्या मेंदूत न्यूरोविस्टा या कंपनीने प्रयोग म्हणून यंत्र बसवलं. फिट येण्याआधी ते इशारा द्यायचं. ती औषध घ्यायची आणि फिट टळायची. पहिल्यांदाच ती एकटी बाहेर पडू लागली, गाडी चालवू लागली, आणि ते यंत्र तिला परकं वाटेनासं झालं. मग कंपनीचे पैसे संपले. यंत्र विकत घ्यायला ती आणि तिचा नवरा घर पुन्हा गहाण ठेवायला तयार होते. ते जमलं नाही. शेवटपर्यंत नको म्हणत असताना तिच्या डोक्यातून ते काढलं गेलं. कंपनी बुडाली तर रुग्णाच्या डोक्यातल्या यंत्राचं काय, हे संशोधन प्रस्तावाच्या कोणत्या पानावर लिहिलं आहे, असं आता त्या टेबलावर बसलेल्या कुणीतरी विचारायचं असतं, आणि ते पान सापडेपर्यंत सही करायची नसते.